गाडी का कुरकुरते?

दसऱ्यानंतरचा रविवार होता. पाऊस उघडला होता, उल्हासच्या काठची भाते पिवळी पडू लागली होती, आणि रस्त्यातल्या खड्ड्यांत कोणीतरी खडी ओतून ठेवल्यामुळे त्यांचे आता उंचवटे झाले होते. भाचा डोंबिवलीहून सहकुटुंब येणार होता. तो आल्याचे मला बेल वाजण्याच्या पाच मिनिटे आधीच कळले. कोपऱ्यावरच्या गतिरोधकापाशी कोणीतरी जुनी लोखंडी खाट ओढत नेत असल्यासारखा आवाज झाला, मग पोटाखाली काहीतरी खर्रकन घासले, आणि पुन्हा ती खाट.

बहिणीने चपला काढता काढताच तक्रार मांडली. ''तुझ्या भाच्यानं चांगल्या गाडीला पैसे देऊन हा आवाज बसवून घेतलाय.''

''मामा, तू तिचं ऐकू नकोस. आवाज नाही, स्प्रिंगा बसवल्यात. लोअरिंग स्प्रिंग. गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसते. आवाज काय, स्प्रे मारला की जातो.''

''किती वेळा मारलास?''

''चारदा.''

खाली जाऊन गाडी पाहिली. साधी चार-पाच वर्षांची हॅचबॅक. पण चाकांवरची ती मोकळी पोकळी गेली होती, आणि दबा धरून बसलेल्या मांजरासारखी ती रस्त्याला चिकटून उभी होती. खोटे कशाला सांगू, देखणी दिसत होती. आमच्या वयाच्या माणसांनी अशा वेळी ''हे काय खूळ'' असे म्हणायची रीत आहे. मला ते जमले नाही. आमच्या पिढीने स्कूटरला दोन्ही बाजूंना आरसे लावले, फियाटच्या मागच्या काचेत मान हलवणारा कुत्रा ठेवला, सीटवर टर्किश टॉवेल घातले. आपली वस्तू कारखान्यातून आलेल्या हजार वस्तूंपेक्षा वेगळी दिसावी ही इच्छा जुनीच आहे. बैलाच्या शिंगांना रंग आणि गोंडे लावणाऱ्या आपल्या आजोबांना ती कोणी समजावून सांगावी लागली नसती.

बेत असा होता की, जेवून महडला वरदविनायकाचे दर्शन घ्यायचे आणि तसेच पुढे खोपोलीवरून घाट चढून लोणावळ्याला चहा प्यायचा. पाच माणसे गाडीत बसली. कर्जतहून पळसदरीमार्गे खोपोलीला जाताना त्या गाडीने जी काही भाषणे केली, ती ऐकून मी मनाशी ठरवले की हिला घाट दाखवायच्या आधी मिस्त्री दाखवायचा.

माझी नोकरी बँकेतली, आणि त्यातली काही वर्षे खोपोलीत गेली. (कर्जतच्या परिसरात 'बँकर' म्हटले की लोकांना आधी रेल्वेचे इंजिन आठवते, घाट चढताना गाडीला मागून रेटणारे. आमचा क्रमांक त्यानंतरचा.) त्या काळात ट्रक, टेम्पो आणि जीपगाड्यांसाठी कर्जे देताना तारण गाडीची तपासणी करायला जावे लागे. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे ट्रकवाले गाडी ताब्यात आली की कमानीच्या दुकानात नेत आणि मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढवून घेत. माल जास्त भरता यावा म्हणून. कागदावर गाडी एक, रस्त्यावर दुसरीच. आज शहरातला मुलगा गाडी खाली बसवतो, तेव्हाचा ट्रकवाला ती वर उचलत होता. कारखान्याने नेमून दिलेली उंची दोघांनाही मान्य नव्हती. ट्रकवाल्याचे कारण पोटाचे होते एवढे खरे. पण ब्रेक, टायर आणि आस जुन्याच मापाचे ठेवून नुसती कमान बदलायची, ही चूक दोघांची सारखीच.

त्या कमानीवाल्यांपैकी एक मिस्त्री अजून शिळफाट्याजवळ काम करतात. आता मुलगाच दुकान पाहतो. पण अवघड आवाज असला की म्हाताऱ्याला उठवतात. रविवार असूनही ते बाहेर आले. बायकामंडळी रिक्षा करून महडला गेली. आम्ही मामा-भाचे मिस्त्रींच्या स्टुलांवर बसलो.

मिस्त्रींनी गाडीखाली पाहिलेच नाही. त्यांनी भाच्याला इंजिन बंद करून, गाडी जागेवर ठेवून नुसते स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितले आणि स्वतः पुढच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. मग एकेका कोपऱ्यावर वजन टाकून गाडी हलवली आणि ऐकत राहिले.

गाडीच्या आवाजांसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत, हे मला त्या दुपारी नव्याने जाणवले. मराठीत कुरकुर वेगळी, करकर वेगळी, खटखट आणि खडखड यांतही फरक. मिस्त्रींच्या लेखी हे अलंकार नव्हेत, निदान होते. ''कुरकुर म्हणजे रबर. कोरडं पडलंय नाहीतर पिळलंय. करकर म्हणजे लोखंडावर लोखंड. खटखट असेल तर काहीतरी ढिलं आहे, लिंक रॉड नाहीतर नट. आणि स्टिअरिंग फिरवल्यावर टण्‌ असा आवाज आला ना साहेब, तर स्प्रिंगच अडकतेय आणि सुटतेय.'' या गाडीत हे सगळे आवाज कमीअधिक होते.

इथे थोडे यंत्राबद्दल सांगितले पाहिजे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत. जुन्या पद्मिनीला मागे पाट्यांची कमान होती. एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे, गाडी हलली की एकमेकांवर सरकणारे. त्यांचे घासणे हा दोषही होता आणि गुणही. त्या घासण्यानेच गाडीचे उसळणे थोडेफार आवरले जाई. आवाज वाढला की गॅरेजमध्ये वापरलेले इंजिन ऑइल ब्रशने पाट्यांवर फासत आणि गाडी चार-दोन महिने गप्प बसे. त्याआधीच्या पिढीत बैलगाडीच्या साटीखाली वंगणाची नळी टांगलेली असे. चाक करकरले की थांबायचे, एरंडेलाचा हात द्यायचा, पुढे निघायचे. 'आवाज आला की तेल घाल' हे शहाणपण आपल्या हाडात मुरलेले आहे ते तिथून. आजच्या गाडीत मात्र ते उलट फिरते. तिच्या सांध्यांत लोखंडावर लोखंड कुठे सरकूच नये अशी योजना असते. मध्ये सगळीकडे रबर असते. खनिज तेल लागले की पुष्कळशा रबराला फूग येते, ते मऊ पडते आणि लवकर फाटते. भाच्याने चारदा मारलेल्या स्प्रेने आवाज दोन दिवस जात होता आणि रबराचे आयुष्य मात्र प्रत्येक वेळी थोडे कमी होत होते. लावायचेच असेल तर रबराला चालणारे सिलिकॉनचे ग्रीस लावावे लागते, आणि तेही रोग कळल्यावर.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. आखूड स्प्रिंग घातली की गाडी खाली बसते, हे कोणालाही कळेल. पण ती नुसती आखूड असून भागत नाही. खाली हलायला जागा कमी उरते, म्हणून ती अधिक कडकही असावी लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपटेल. चांगल्या कंपन्या हे गणित करून, वेगळ्या तारेची आणि वेगळ्या वेढ्यांची स्प्रिंग बनवतात. ज्यांना ती परवडत नाही ते मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापतात. सहा चालत्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग साधारण वीस टक्क्यांनी कडक होते हे खरे. पण तिचे वळवून घडवलेले टोक जाते आणि ती खालच्या वाटीत नीट बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून 'बसवणे'. तापवलेल्या पोलादाचे पाणी उतरते, आणि मग ते कधी दगा देईल ते सांगता येत नाही. शेजारी खोपोलीतच महिंद्रा युजीनच्या कारखान्यात गाड्यांसाठीचे मिश्रधातूचे पोलाद वर्षानुवर्षे तयार झाले. पोलादाला पाणी देणे ही काय चीज आहे, हे या गावाला वेगळे सांगायला नको.

भाच्याच्या स्प्रिंगा मात्र चांगल्या होत्या. तयार, योग्य मापाच्या, रंग दिलेल्या. चूक बसवण्यात होती. कुठल्याशा दुकानात एका दुपारी, तो मॉलमध्ये बसलेला असताना, चारही चाकांचे काम उरकले गेले होते.

मिस्त्रींच्या मुलाने गाडी जॅकवर घेतली, खाली लोखंडी स्टँड लावले (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ते कोणाला जाऊ देत नाहीत) आणि मागचे चाक काढले. चाक लोंबकळू लागताच मिस्त्रींनी दोन बोटांनी स्प्रिंग हलवली. ती हलली. ज्या स्प्रिंगवर पाच माणसे घेऊन आम्ही आलो होतो, ती सैल बांगडीसारखी वाटीत फिरत होती. स्प्रिंग आखूड झाली, पण तिच्या जोडीचा शॉकॲब्सॉर्बर मूळच्याच लांबीचा राहिला. साध्या रस्त्यावर गाडीचे वजन स्प्रिंगला धरून ठेवते. पण चाक एखाद्या खोल खड्ड्यावरून पुरते लोंबले की वजन उतरते, स्प्रिंग जागा सोडते, आणि परत बसताना वाकडी बसू शकते. ''घाटाच्या वळणावर हे झालं असतं तर?'' असे भाच्याने विचारले नाही. तो नुसता बघत होता.

मग आवाजाचे मूळ निघाले. स्प्रिंगच्या टोकाखाली आणि डोक्यावर रबराची एकेक गादी असते. जुन्या स्प्रिंगा उतरवताना त्या गाद्या त्यांच्याबरोबरच काढल्या गेल्या आणि परत घातल्याच नव्हत्या. नव्या स्प्रिंगचा रंग टोकाशी खरवडून आतले पोलाद उघडे पडले होते, त्यावर पावसाळ्याचा चिखल आणि वर गंज. ही ती लोखंडी खाट. गाद्या कुठे आहेत असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ''घरी. जुन्या स्प्रिंगांबरोबर, बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे.''

कुरकुरीचे कारण आणखी मजेशीर होते. चाकाला धरणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. त्यांचे रबर धातूला घट्ट चिकटवलेले असते. दांडी हलते तेव्हा रबर पिळले जाते आणि परत येते. हे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचे वजन खाली असताना आवळायचे असतात. दुकानदाराने चाके हवेत लोंबत असतानाच आवळून टाकले. म्हणजे गाडी खाली आली की रबर कायमचे पिळलेले. ''झोपताना मान मुरगाळून ठेवली तर सकाळी माणूस कुरकुरेल की नाही?'' मिस्त्री म्हणाले. यावर उपाय फुकटचा होता. बोल्ट सैल करायचे, गाडी जमिनीवर घ्यायची, चार वेळा हलवायची, पुन्हा आवळायचे. मिस्त्रींच्या मुलाने खड्ड्यात उतरून ते केले आणि अर्धी कुरकुर तिथेच थांबली. कंपनीच्या माहितीपुस्तकात कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा हे छापलेले असते. त्यासाठी मापाचा पाना मिळतो. तो पाना मला या दुकानात दिसला. भिंतीवर, गणपतीच्या फोटोखाली.

पुढच्या चाकाशी गेल्यावर मात्र गप्पा थांबल्या. तिथे शॉकॲब्सॉर्बरच्या नळकांड्याभोवतीच स्प्रिंग असते आणि वर एक बेअरिंग, ज्याच्यावर स्टिअरिंगबरोबर सगळे फिरते. ते बेअरिंग तिरके बसले होते, म्हणून स्प्रिंग पिळली जाऊन टण्‌कन सुटत होती. पण मिस्त्रींचे बोट तिथे नव्हते. ब्रेकची रबरी नळी नळकांड्याला एका पट्टीत अडकवलेली असते. ती पट्टी परत लावलेली नव्हती. नळी मोकळी लोंबत होती आणि स्टिअरिंग पुरते वळवले की टायरला घासत होती. वरचे काळे आवरण बोटभर लांबीत झिजून आतला धागा दिसू लागला होता.

''हिला कुठं घेऊन जाणार होता?'' मिस्त्रींनी मला विचारले.

मी घाटाकडे हात केला.

''पाच माणसं घालून?''

या नळीचा आवाज येत नव्हता, हे लक्षात घ्या. रबर टायरला घासते तेव्हा काही ऐकू येत नाही. गाद्या विसरल्या गेल्या म्हणून गाडी करकरली, करकरली म्हणून आम्ही थांबलो, थांबलो म्हणून नळी दिसली. स्प्रे आणखी जालीम असता तर आम्ही त्या वेळी गप्प गाडीतून घाटात असतो.

नळी मिळेपर्यंत गाडी हलणार नाही असे मिस्त्रींनी जाहीर केले. सुट्या भागांच्या दुकानदाराला घरून बोलावले गेले, नळी आली, बसली, ब्रेकच्या तेलातली हवा काढून झाली. बेअरिंग काढायला स्प्रिंग आवळून धरणारा शिकंजा लावावा लागतो. आवळलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते, म्हणून ते काम चालू असताना आम्हाला दुकानाबाहेर काढले. उत्साही मुलांनी चित्रफिती पाहून घरच्या आवारात जे करू नये, ते हे. गाद्यांच्या जागी मिस्त्रींनी तात्पुरती जाड रबरी नळी चिरून स्प्रिंगच्या टोकावर चढवली, उघड्या जागी गंजरोधक रंगाचा हात दिला, रबराला चालणारे ग्रीस लावले. मागच्या सैल स्प्रिंगला मात्र त्यांच्याकडे औषध नव्हते. ''आखूड शॉकअप घाला, नाहीतर जुनी स्प्रिंग घाला. तोवर हळू जा. घाट नाही.'' आणि अलाइनमेंट करून घ्या, पुढच्या दिव्यांचा रोख तपासा, असेही बजावले. गाडीची उंची बदलली की चाकांचा कल आणि दिव्यांचा झोत दोन्ही बदलतात.

ते काम चालले होते तेव्हा मी जुन्या सवयीने कागदावर हिशेब मांडला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमावलीत गतिरोधकाचे माप दिलेले आहे. १७ मीटर त्रिज्येचा गोलवा, ३.७ मीटर रुंदी, मध्ये १० सेंटिमीटर उंची. ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा. समजा गाडीच्या दोन आसांत २.४ मीटर अंतर आहे आणि पोट जमिनीपासून १७० मिलिमीटरवर. गतिरोधकाचा माथा बरोबर गाडीच्या मध्याखाली आला की दोन्ही चाके उतारावर थोडी वरच असतात, त्यामुळे पोटाखालची जागा केवळ ४२ मिलिमीटरने कमी होते. चाळीस मिलिमीटर खाली बसवलेली गाडीसुद्धा आरामात जाईल. आता आपला गतिरोधक घ्या. एखादा अपघात होतो, गावकरी चिडतात, रात्रीत डांबराचा ढीग टाकला जातो. दीड वीत उंच, हातभर रुंद. उंची नुसती १५ सेंटिमीटर धरा. दोन्ही चाके सपाट जमिनीवर आणि ढीग पोटाखाली; १७० तून १५० गेले, उरले २०. कारखान्यातून आली तशी गाडीही, माणसे भरलेली असली तर, इथे श्वास रोखूनच जाते. चाळीस मिलिमीटर आधीच देऊन टाकलेली जाणारच नाही.

द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तेव्हापासून खालापूर तालुक्यातून दोन वेगळे देश जातात. एकात टोलनाक्याच्या पुढे-मागे गुळगुळीत काँक्रीट, जिथे खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलते, रस्ता पकडून धावते, आणि भाच्याला मिळणारा तो आनंद खरा असतो. त्यातून बाहेर पडून चौकहून कर्जतकडे वळलात की दुसरा देश सुरू होतो. ज्या जर्मन मुलांची चित्रे पाहून आपली मुले गाड्या खाली बसवतात, त्यांना हा दुसरा देश नाही. त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी चित्रात दिसत नाही. तिथे अशा स्प्रिंगा मान्यताप्राप्त असाव्या लागतात, बसवल्यावर तपासणी होते आणि गरज असेल तिथे गाडीच्या कागदांत नोंद होते. जपानमध्ये गाडीचे पोट जमिनीपासून किमान नऊ सेंटिमीटर हवे असा दंडक आहे. आवड आहे? जोपासा, पण मोजून, तपासून, सही घेऊन.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. भाच्याला हे माहीत नव्हते. स्प्रिंगा विकणाऱ्याने सांगितले नव्हते, बसवणाऱ्यानेही नाही. विम्याची गोष्ट तर मलाच सांगावी लागली. कंपनीला न कळवता केलेला असा बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे तारण असते, तेव्हा हा प्रश्न एकट्या मालकाचाही नसतो.

कायदा कडक आहे, यावर माझा आक्षेप नाही. तो पुरता राबवला जात नाही, हेही आता सवयीचे झाले. माझा आक्षेप असा की, नुसत्या 'नाही'मुळे काम थांबत नाही, ते फक्त मागच्या गल्लीत जाते. तिथे मापाचा पाना नसतो, पावती नसते, आणि काही चुकले तर दाद मागायला जागा नसते, कारण दाद मागणाराच आरोपी. सीएनजीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. पेट्रोलच्या गाडीत सिलिंडर बसवणे हा स्प्रिंग बदलण्यापेक्षा कितीतरी धोक्याचा फेरफार. तिथे आपण मान्यताप्राप्त संच, अधिकृत बसवणारा आणि नोंदणीपुस्तकात नोंद, अशी वाट काढलीच ना? पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था उभी आहे. अमुक गाडीला अमुक स्प्रिंग, तिच्या जोडीला अमुकच शॉकॲब्सॉर्बर, पोटाखाली किमान इतके अंतर, आणि बसवणाऱ्याची सही; एवढे लिहून काढणे तिला अशक्य नाही. मग जो गल्लीत जाईल त्याला खुशाल पाच हजारांचा दंड करा, आणि बसवणाऱ्यालाही करा. दुसरे कोणी म्हणेल की, खड्डे बुजवायला पैसे नाहीत तिथे हौशी मुलांच्या स्प्रिंगा कोण तपासणार? ते खरे आहे. पण ब्रेकची नळी हौशी मुलाची तुटली तरी समोरून येणारी एसटी हौशी नसते.

चारच्या सुमारास बायका महडहून परत आल्या, प्रसाद घेऊन. रिक्षा सगळ्या गतिरोधकांवरून टुणटुण उड्या मारत गेली, आवाज म्हणून नाही, असे बहिणीने मुद्दाम भाच्याकडे पाहून सांगितले. लोणावळा रद्द झाल्याचे कळल्यावर तिने कारण विचारले. आम्ही दोघांनीही ''उशीर झाला'' एवढेच सांगितले. मिस्त्रींनी नळीचे पैसे घेतले, मजुरी मुलाला विचारून घेतली आणि झिजलेली जुनी नळी वर्तमानपत्रात गुंडाळून भाच्याच्या हातात दिली.

परतताना तो ताशी तीसच्या वर गेला नाही. गाडी जवळजवळ गप्प होती. पळसदरीच्या अलीकडे एका ढिगाऱ्यावर पोट मात्र घासलेच. त्याला ग्रीस काय करणार?

दिवाळीत बहिणीचा फोन आला. जुन्या स्प्रिंगा गाद्यांसकट परत बसवल्या होत्या, या वेळी दुकानात उभे राहून, बोल्ट कधी आवळतात ते पाहत. आवाज गेला. ''पण कुंड्यांच्या मागे आता त्या नव्या पडल्यात,'' ती म्हणाली. ''विकून टाक म्हटलं तर विकतही नाही.''